बेचाळिसावा अर्ज

तुतिकोरीनचं पत्र आलं तेव्हा विमला नुकतीच शाळेतून आली होती आणि मागीलदारी पायांवर पाणी घेत होती. भिकाजीने पत्र तिच्या हातात दिलं नाही. ओटीवर उभा राहून त्यानेच ते वाचून दाखवलं, तेही मधलंमधलं गाळून. मोत्यांच्या शिंपल्यांवर संशोधन, मुदत दोन वर्षं, राहायची सोय तिथल्या संशोधन केंद्राच्या बंगल्यात, एक जूनला हजर व्हायचं.

त्याची आई ठमाबाई सुपात सोडे निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "लागली काय रे नोकरी?"

"नोकरी नव्हे आई, फेलोशिप."

"म्हंजे परत सुटणारी."

भिकाजी हसला, पण ते हसू तोंडावर फार टिकलं नाही.

दाभोळच्या खंडू तांडेलाचा हा मुलगा. बापाने होडी चालवली, मुलगा मास्तरांच्या नजरेत भरला आणि शिकत गेला. लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी एका संस्थानिकाच्या मदतीवर विलायतेला जाऊन, माशांच्या अंड्यांचा अभ्यास करून, एकोणीसशे एकतीस साली तो पीएच.डी. होऊन परतला. बांगडा अंडी घालतो तरी कुठे, हे त्याला शोधायचं होतं. पण तो बोटीतून उतरला त्याच वर्षी सरकारने काटकसर काढली आणि होत्या त्या जागाही बंद केल्या. कराचीला अकरा महिने, कलकत्त्याच्या एका संग्रहालयात नऊ महिने, पुण्याच्या एका कॉलेजात रजेवर गेलेल्या प्रोफेसराच्या जागी एक सहामाही. पुढे काही नाही. खंडू तांडेल वारला तसा तो आईला घेऊन रत्नागिरीत आला आणि मांडवीला दोन खोल्या घेऊन राहिला. शेजारपाजारचे लोक त्याला डॉक्टर म्हणत. सुरुवातीला पोराला ताप आला की दारात येऊन उभे राहत. हा औषधाचा डॉक्टर नव्हे, हे विमलेलाच बाहेर जाऊन सांगावं लागे. पुढे लोक यायचे थांबले, पण 'डॉक्टर' हाक राहिली आणि ती त्याला टोचू लागली.

घर चालत होतं ते विमलेच्या शाळेवर. ट्रेनिंग झालेली, आधीपासूनच रत्नागिरीतल्या मुलींच्या मराठी शाळेत शिक्षिका. कराचीच्या वेळी ती राजीनामा देऊन त्याच्याबरोबर गेली होती. अकरा महिन्यांनी परतल्यावर तीच शाळा, तेच वर्ग, पण ती हंगामी. कमिटीच्या एकेका सभासदाच्या घरी ती जाऊन आली होती. एकाने तर तिला पायरीवरच उभं ठेवून विचारलं होतं, "पुन्हा नवऱ्याची बदली झाली म्हणजे पुन्हा जाणार ना?" नाही, असं ती तेव्हा म्हणाली होती. गेल्या जूनमध्ये कुठे ती कायम झाली.

तरीही तुतिकोरीनचं पत्र आलं त्याच आठवड्यात शनिवारी तिने मोठ्या बाईंच्या, दमयंतीबाईंच्या टेबलावर राजीनामा ठेवला. दमयंतीबाईंनी तो वाचला आणि बाजूला सरकवला.

"विमलाबाई, एकदा हात पोळलाय ना तुमचा?"

"हो."

"मग?"

"त्यांच्या जेवणाखाण्याचे फार हाल होतात बाई. कलकत्त्याहून आले ते अर्धे होऊन. आणि लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातली आम्ही एकत्र किती काढली?" बाकीचं तिने सांगितलं नाही. मूल नव्हतं, ते दमयंतीबाईंना ठाऊक होतं.

दमयंतीबाई म्हणाल्या, "कमिटी बुधवारी बसते. तोवर हा कागद माझ्याकडे राहू दे. बिनपगारी एक वर्षाची रजा मिळते का, मी बघते. पण नवऱ्याची तिकडे नेमणूक झालीय, याचा लेखी पुरावा लागेल. ते पत्र आणा."

घरी येऊन तिने पत्र मागितलं. भिकाजी म्हणाला, "देतो." रविवारी म्हणाला, "नक्कल करून देतो." सोमवारी म्हणाला, "कुठे ठेवलं ते आठवत नाही." भिकाजी कागद हरवणारा माणूस नव्हता. दोन वर्षांपूर्वीची मचव्याच्या भाड्याची चिठ्ठीसुद्धा त्याच्याकडे सापडली असती.

मंगळवारी तो मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर गेला होता आणि ठमाबाई विहिरीवर होती, तेव्हा विमलेने त्याची काळी पेटी उघडली. चोरी करतेय असं तिला वाटलं नाही. ह्या पेटीतले सगळे कागद तिच्याच हातचे होते. लग्नानंतर त्याने तिला इंग्रजी शिकवलं होतं, आणि तिचं अक्षर सुरेख म्हणून त्याचे अर्ज तीच लिहून काढी. मुंबई, मद्रास, लाहोर, ढाका, रंगून, एक्केचाळीस अर्ज. प्रत्येकाची नक्कल तारीखवार लावलेली. बेचाळिसावा मात्र त्याच्या स्वतःच्या, किरट्या अक्षरात होता. हा अर्ज त्याने केव्हा केला, हेच तिला माहीत नव्हतं.

त्याला केंद्राचं छापील माहितीपत्रक टाचलेलं होतं. आठवी अट अशी की, केंद्र बेटावर असल्याने तेथे कुटुंबाची सोय नाही, सबब उमेदवार अविवाहित असावा. खाली भिकाजीने लिहिलं होतं, मी अविवाहित असून माझ्यावर कोणतीही कौटुंबिक जबाबदारी नाही.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. इंग्रजी आपल्याला नीट कळलं नसेल, असं तिला क्षणभर वाटलं. मग कळलं की चांगलंच कळलंय.

भिकाजी परत आला तेव्हा अर्ज तिच्या मांडीवर होता. त्याने हातातली टोपली खाली ठेवली.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"केव्हा? गाडीत बसल्यावर?"

"विमल, एक्केचाळीस अर्जांवर खरं लिहिलं. काय झालं त्याचं? आई आहे, बायको आहे, बाप होडीवरचा आहे, सगळं खरं. उत्तरंसुद्धा आली नाहीत अर्ध्यांची."

"म्हणून बेचाळिसाव्यात मला खोडलंत."

"कागदावर गं! कागदावर खोडल्याने काय होतं? दोन वर्षं. तिथून माझे दोन लेख छापून आले की मुंबईला कायमची जागा मागता येईल. इथे बसून मी काय करू? सकाळी मिरकरवाड्याला जातो, कोळणी हसतात. तांडेलाचा पोर विलायतेला जाऊन आला, आणि बायकोच्या पगारावर मासळी चिरत बसतो म्हणतात. ऐकलंयस तू कधी?"

ते तिने ऐकलं होतं. त्याच्या आवाजातली तडफड खोटी नव्हती, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

"मग मला आधीच सांगायचं होतं, तू येऊ नकोस म्हणून. मी राजीनामा दिला त्या दिवशी तुम्ही इथेच बसला होतात. कागद लिहिताना मला शाई संपलेली दिसली, तर तुम्ही उठून दौत भरून दिलीत."

भिकाजी खाली बघत म्हणाला, "आणखी एक आहे. तिथलं टपाल सगळ्यांचं एकत्र येतं. हिशेबनीस साताऱ्याकडचा आहे, मराठी वाचतो. तेव्हा पत्र लिहिशील ते जरा... बहीण म्हणून लिही. मीही तसंच लिहीन. दोनच वर्षं."

विमलेने अर्ज घडी घालून पेटीत जिथल्या तिथे ठेवला. टोपलीत दोन सौंदाळे मासे होते. ते घेऊन ती विळीवर बसली, कारण ठमाबाई घागर घेऊन परड्यातून येत होती.

बुधवारी कमिटी बसायच्या आधी ती दमयंतीबाईंकडे गेली आणि राजीनामा परत मागितला.

"का हो? पत्र मिळालं नाही?"

"तिकडची हवा मला सोसायची नाही म्हणतात."

दमयंतीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. कागद तिच्यापुढेच फाडला आणि म्हणाल्या, "बरं झालं," पण त्यांचा चेहरा बरं झाल्यासारखा नव्हता.

भिकाजी कोल्हापूरच्या सर्व्हिस मोटरने जायचा होता, पुढे रेल्वे. मोटरच्या नाक्यावर ठमाबाई आली, शेजारची चिमा आली, मिरकरवाड्यातले दोघेचौघे आले. भिकाजीने विलायतेतला कोट घातला होता. मे महिन्याच्या उकाड्यात त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. ठमाबाईने त्याच्या हातात सुक्या बांगड्यांचं गाठोडं दिलं आणि मग एकदम विमलेकडे वळली. चार दिवस तिने हे पोटात ठेवलं होतं.

"पोर एकटा जातोय परमुलखात, आणि हिचा पाय निघत नाय. शाळा मोठी झाली गो तुला, नवऱ्यापरीस. आमी काय नवऱ्याच्या मागे गेलो नाय काय?"

चिमाने पदर तोंडाला लावला. मिरकरवाड्यातली माणसं दुसरीकडे बघू लागली.

विमला भिकाजीकडे बघत राहिली. खरं सांगायचीही गरज नव्हती. 'आई, मीच तिला राहा म्हटलं,' एवढं तो बोलला असता तरी पुरे होतं. भिकाजीने ऐकलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो वाकला, आईच्या पाया पडला आणि मोटरवाल्याला विचारू लागला की ट्रंक टपावर नीट बांधलीय ना.

मोटर गेली. परतताना ठमाबाई चिमाबरोबर पुढे चालली, विमला मागून एकटी.

महिन्याभरात सगळ्या मांडवीला ठाऊक झालं की डॉक्टरची बायको शाळेपायी नवऱ्याबरोबर गेली नाही. विहिरीवर ती गेली की बोलणं थांबे. वर्गातल्या एका मुलीच्या आईने तिला तोंडावर विचारलं. विमलेने कोणालाच उत्तर दिलं नाही. खरं सांगितलं तर ते चार तोंडांनी कोल्हापूरपर्यंत जाईल, आणि मग त्या साताऱ्याच्या हिशेबनीसापर्यंत जायला काय वेळ. रागातही ती त्याची जागा सांभाळत होती. ह्याचा तिला स्वतःचाच संताप येई.

भिकाजीची पत्रं महिन्याला एक येत. 'प्रिय भगिनी विमला हीस' अशी सुरुवात. खाली 'तुझा बंधू'. मधे शिंपल्यांची वर्णनं, समुद्राची वर्णनं, आईला नमस्कार. ठमाबाईला वाचता येत नव्हतं, ती समोर बसून म्हणे, "वाच." विमला वाचताना भगिनीच्या जागी सौभाग्यवती घाली, बंधू गाळून टाकी, आणि आईची प्रकृती जपावी, असं एक वाक्य पदरचं जोडी. ठमाबाई मान हलवून म्हणे, "बघ, कसा जीव लावतोय. आणि तू."

चौदाव्या महिन्यात केंद्र बंद झालं. शिंपल्यांचे थर रिकामे निघाले होते, आणि केंद्राच्या विलायतेतल्या मालकांनी हात आखडला. ते पत्र वाचताना विमलेला वाईट वाटायच्या आधी एकदम हलकं वाटलं. आता तो येईल, असं ती मनात म्हणालीसुद्धा. पण पत्र दोन पानी होतं. दुसऱ्या पानावर होतं की केंद्राच्या साहेबाने उत्तम शिफारसपत्र दिलंय. त्याच्या जोरावर मद्रासच्या एका प्रयोगशाळेत तीन वर्षांची जागा मिळतेय. शिफारशीत साहेबाने कौतुकाने लिहिलंय की हा तरुण अविवाहित असून सर्व वेळ कामाला देतो. 'आता निराळं सांगावं तर आधीचं खोटं ठरतं आणि शिफारस जाते. तेव्हा आणखी तीन वर्षं हीच रीत ठेवावी लागेल. तू समजूतदार आहेस.'

"काय लिवलाय?" ठमाबाईने विचारलं. "गप का?"

सौभाग्यवती, आईची प्रकृती, सगळं विमलेच्या ओठांवर तयार होतं. पण ते बाहेर पडेना.

"आई, मी आजवर तुम्हाला खोटं वाचून दाखवलं. आता जसं आहे तसं वाचते."

तिने वाचलं. मग उठून आधीची तेरा पत्रं आणली आणि तीही वाचली, पहिल्यापासून. 'प्रिय भगिनी' पहिल्यांदा आलं तेव्हा ठमाबाईला कळलं नाही. तिने विचारलं, "भगिनी म्हंजे?" विमलेने सांगितलं. अर्जातलं वाक्यही सांगितलं. सगळं संपलं तेव्हा ठमाबाईचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते.

"म्हंजे मोटरीवर मी बोलले तवा त्याला ठावं होता?"

"होतं."

"आणि तो गप ऱ्हायला."

ठमाबाईने पत्रांचा गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाली, "कागद घे. लिव."

"काय लिहू?"

"लिव की, आई नाय म्हणून पण लिवून दे त्यांना. एकदाच काय तां मोकळा हो."

विमलेने ते तसंच लिहिलं, एक अक्षर न बदलता, आणि खाली ठमाबाईचा अंगठा घेतला.

एरवी महिन्याने येणारं उत्तर आठ दिवसांत आलं. ते आईच्या नावाने होतं. हे कोणी सांगितलं, माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल, विमलेची समजूत घाल, हे पत्र जाळून टाक. विमलेने जसं होतं तसं वाचलं.

"एवढाच?"

"एवढंच."

"आई, तू कशी हाईस, असा नाय विचारलान?"

"नाही."

ठमाबाई उठली आणि घागर घेऊन विहिरीवर गेली. तिथे चिमा होती, आणखी पाचसहा बायका होत्या. ठमाबाईने आवाज खाली केला नाही. घरात मुलींच्या वह्या तपासत बसलेल्या विमलेला परड्यापलीकडून शब्दन् शब्द ऐकू आला. "माझी सून गेली नाय, असा बोलत होते ना गो मी? ती गेली नाय असा नाय. तिला नेलीच नाय. माझ्याच पोराने."

विहिरीवर रहाटाचा आवाज थांबला.

सव्वा वर्ष विमलेने ह्याच वाक्याची वाट पाहिली होती. ते कोणीतरी चारचौघांत म्हणेल तेव्हा आपल्याला रडू फुटेल, असं तिला वाटायचं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. रडू आलं नाही. समोरच्या वहीत मुलीने बेरीज चुकवली होती. तिने ती तांबड्या शाईने दुरुस्त केली आणि पुढचं पान उलटलं.