आत्याच्या मसाल्यात काय नाही

उरणला हौसाआत्याच्या हातची वालाची भाजी खाल्ली आणि माझ्या भाचीचा, समृद्धीचा, श्वास अडकला. तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. भाजीतला मसाला आत्याने घरी कुटलेला. "शेंगदाण्याची ॲलर्जी आहे तिला, दाणे घातले असतील," म्हणत तिच्या आईने, माझ्या मनिषाताईने, पोरीचं तिकडे जाणंच बंद केलं. "मी दाने टाकले नाय रं," म्हणून आत्या डोळे पुसत राहिली. पोरीला न्हाऊमाखू घालून मोठं केलं होतं तिनेच.

अशा वेळी गप्प बसेन तर मी दीपेश कसला! राहतो पनवेलला, पण जीव तळोज्याच्या प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये. आत्याचा चमचाभर मसाला तिथे नेला. मिश्रणातल्या प्रथिनांचे तुकडे करायचे, हे यंत्र त्यांची वजनं काढतं, ती आपण दिलेल्या यादीशी ताडायची. तीळ, धणे, खोबरं, दाणे, सगळं मी यादीत घातलं. सर्वात वर निघाली माणसाची कातडी, नमुन्यात हमखास पडते म्हणून ती यादीत असतेच. माझीच. डोक्यात कोंडा आणि टोपी घालायचा कंटाळा! दाणे मात्र नव्हते. बरेच तुकडे कशाशीच जुळले नाहीत, ते मी कचरा म्हणून सोडून दिले आणि ताईला फोनवर ऐटीत सांगितलं, "मसाला निर्दोष. विज्ञान सांगतंय!"

रविवारी ताई लेकीला घेऊन आत्याकडे जेवायला गेली. मी प्रयोगशाळेत सहकारी जास्मीनला माझा पराक्रम दाखवत होतो. ती म्हणाली, "यादीत कोळंबी का नाही? तुम्ही उरणकडचे मसाल्यात जवळा टाकता ना?"

टाकतो की! ही सुकवलेली बारीक कोळंबीच, भाजून, मूठभर. पण आमच्याकडे तो मिठासारखा, काय काय घातलं हे सांगताना त्याचं नाव कुणी घेत नाही. त्यात समृद्धी मासळीला तोंड लावत नाही, म्हणून संशयही आला नाही. आणि मी, तोच मसाला खाऊन डॉक्टरेट मिळवलेला गाढव! यादीत कोळंबीची जात घातली. कचरा भराभर जुळला.

ताई फोन उचलेना. आत्याला लावला.

"आत्या, तिला भाजी देऊ नकोस!"

"नाय दिली. दूधभात दिलाय. तुजं मशीन काय बी बोलूदे, माजा हातच नाय धजला."

मी सांगून टाकलं. "आत्या, जवळ्यामुळे झालं गं ते."

ती हळूच म्हणाली, "म्हंजे मीच घातलं तिच्या पोटात."

पलीकडे समृद्धी ओरडत होती, "आजी, अजून भात!" आणि एवढ्या मोठ्या यंत्राचा हा मालक फोन कानाला तसाच धरून उरणच्या बसकडे धावत सुटला.