डाव्या हाताचा नायक

पडद्यावरच्या नायकाने काठी डाव्या खांद्यावरून गरकन फिरवली, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने जांभई दिली. जांभई खरी नव्हती. ती ऐकवण्यासाठी दिलेली होती, आणि अर्ध्या रिकाम्या चित्रगृहात तिला लगेच दाद मिळाली.

“जुना हिरो आणा रे!” दुसऱ्या एकाने तमिळमध्ये आरोळी ठोकली. “हा पत्ता चुकून आलाय!”

भरद्वाजराव हसले नाहीत. दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकवून, खुर्चीत पुढे सरकून ते पाहत होते. नायकाच्या चेहऱ्याकडे नव्हे, त्याच्या पावलांकडे. शेजारी बसलेली त्यांची मुलगी कीर्तना हिने पॉपकॉर्नचा पुडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो न पाहताच बाजूला सारला.

“अप्पा, मी सांगितले नव्हते? कपडे वाळत घालायची काठी फिरवतो हा.”

“गप्प बस. पाहू दे मज.”

‘एल्लैक्कावल’चा, म्हणजे वेशीवरच्या पहाऱ्याचा, पहिला भाग सात वर्षांपूर्वी तंजावुरात याच चित्रगृहात शंभर दिवस चालला होता. एका काठीनिशी सबंध टोळी लोळवणारा तो डावखुरा नायक लोकांच्या अंगात इतका भिनला की, त्या वर्षी गावातल्या कित्येक मुलांनी डाव्या हाताने जेवून आयांचा मार खाल्ला. दुसऱ्या भागाला त्या बड्या नटाने नकार दिला. तेव्हा निर्मात्यांनी वैद्यनाथन नावाच्या, पूर्वी दोनच चित्रपट केलेल्या, सव्वीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या जागी उभे केले. प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी, रविवारी अकराच्या खेळाला, निम्म्या खुर्च्या मोकळ्या होत्या.

इथवरची हकिकत सर्वांना ठाऊक होती. कीर्तनेला त्याहून थोडे अधिक ठाऊक होते: नव्या नायकाला काठी शिकवली ती तिच्या वडिलांनी, आठ महिने, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्यांच्या घरच्या अंगणात. परंतु तिलाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. पहिल्या भागातली काठी त्या बड्या नटाच्या हातात फिरलीच नव्हती. चेहरा तेवढा त्याचा. पाठ, खांदे, मनगट आणि तो डावा हात भरद्वाजरावांचा. ते जन्मतः डावखुरे. म्हणून नायक डावखुरा झाला, आणि चेहरा दाखवताना त्या उजव्या हाताच्या नटाला काठी मुद्दाम डाव्या हातात धरावी लागली. याची वाच्यता न करण्याचे वचन भरद्वाजरावांनी कागदावर दिले होते. कागद नसता तरी त्यांनी ते पाळले असते.

चित्रपट संपत आला होता. भाताच्या गिरणीतली शेवटची झुंज सुरू झाली. खलनायकाचा लोखंडी गज नायकाच्या डाव्या मनगटावर बसला. नायक कळवळला, एक पाऊल मागे गेला, आणि काठी त्याने उजव्या हातात घेतली.

चार श्वासांचाच अवधी असेल. काठी वर न जाता खालून आली, भुशाच्या ढिगाला घासून निघाली, आणि समोरचा मनुष्य कोसळला. जांभई देणारा गप्प होता. आरोळी देणाराही गप्प होता. मग नायकाने काठी पुन्हा डाव्या हातात घेतली, ती डौलाने खांद्यावरून फिरवली, आणि लोक पुन्हा हसू लागले.

भरद्वाजराव खुर्चीला पाठ टेकून बसले. उरलेला चित्रपट त्यांनी पाहिला नाही.

परतताना स्कूटरच्या मागच्या आसनावरून कीर्तना मोबाइलवरचे अभिप्राय मोठ्याने वाचत होती.

“ऐका अप्पा, हे ऐका. ‘वाघाच्या कातड्यात शिवलेला पोपट.’”

“उपमा चूक आहे. पोपटाला शिकवलेले तरी नीट म्हणता येते.”

“अय्यो! म्हणजे याला तेही येत नाही, असेच ना?”

“मी तसे म्हणालो नाही.”

“तुम्ही शिकवलेत म्हणून त्याची बाजू घेता. सरळ सांगा की.”

“बाजू घेत नाही. मी एक विचारतो, त्याचे उत्तर दे. गिरणीत त्याने हात बदलला तेव्हा कोणी हसले कां नाही?”

“हात कधी बदलला?”

“पाहिले नाहीस?”

“नाही,” ती म्हणाली. स्कूटर गल्लीत वळली तेव्हा तिने आपण होऊन सांगितले, “पण तेवढा वेळ मी पॉपकॉर्न खायची थांबले होते.”

घराच्या ओट्यावर एक तरुण बसला होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, हातात कॉफीचा पितळी पेला, आणि मांडीवर आडवी ठेवलेली, जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळलेली लांब काठी. मंगलाबाई दारात उभ्या होत्या. नवरा स्कूटरवरून उतरण्याआधीच त्या घरच्या मराठीत म्हणाल्या, “तासभर झाला. जेव म्हटले तर जेवत नाही. तिसरी कॉफी आहे.”

कीर्तनेने मोबाइल पटकन पर्समध्ये घातला. वैद्यनाथन उठून उभा राहिला. पडद्यावरच्यापेक्षा तो लहान दिसत होता आणि त्याने दाढी केलेली नव्हती.

“मास्टर, आज पाहिलात?” त्याने तमिळमध्ये विचारले.

“पाहिला, तंबी,” धाकट्या भावाला म्हणावे तसे भरद्वाजराव म्हणाले.

“लोक हसले?”

“हसले.”

त्याने मान हलवली. त्याला दुसरे उत्तर अपेक्षित नव्हते. मात्र कोणीतरी ते तोंडावर सांगावे एवढे त्याला हवे होते, असे त्याच्याकडे पाहून वाटले. काल तो तिरुचीला चित्रगृहांतून लोकांना भेटला होता. आज तंजावूर आणि उद्या कुंभकोणम ठरले होते. सकाळी निर्मात्यांचा फोन आला की, जाऊ नका, तुम्हाला पाहून लोक अधिकच चिडतात.

“कोइंबतूरला माझ्या अप्पांचा पंपांचा कारखाना आहे,” तो म्हणाला. “ते म्हणतात, झाले तेवढे पुरे. रात्रीच्या गाडीने जातो.”

त्याने कापड सोडले. धुरावर शेकून तांबूस झालेली वेताची काठी बाहेर आली. ती त्याने दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि भरद्वाजरावांच्या पायांशी ठेवण्यासाठी वाकला.

या घरात शिकलेल्या प्रत्येकाला या कृतीचा अर्थ ठाऊक असे. गुरू शिष्याची काठी रानातून स्वतः तोडून आणतो, स्वतः शेकतो; ती विकायची नसते, टाकायची नसते, दुसऱ्याला द्यायची नसते. ज्याला खेळ कायमचा सोडायचा असेल त्याने ती परत आणून पायांशी ठेवावी. गुरूने ती उचलली की संबंध संपला. तीस वर्षांत भरद्वाजरावांनी अशा नऊ काठ्या उचलल्या होत्या, आणि उचलताना कोणालाही कारण विचारले नव्हते.

या वेळी काठी जमिनीला टेकण्याआधीच ते दोन पावले मागे सरले.

“मास्टर?”

“धरून ठेव. ती घेण्याचा मला अधिकार आहे की नाही, ते आधी पाहू.”

वैद्यनाथन वाकलेल्या स्थितीतच थांबला. मग सावकाश उभा राहिला.

“आठ महिने रोज पहाटे आलो,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज प्रथमच चढला. “तुम्ही सांगितले तसे केले. तसूभर इकडचे तिकडे केले नाही. तरी माझ्या अंगात ते आले नाही. मग माझ्यातच काहीतरी कमी असणार.”

“तू तसूभर इकडचे तिकडे केले नाहीस, हे खरे. पण तू मला दोनदा काहीतरी विचारले होतेस.”

“काय विचारले होते?”

“उजव्या हाताने करू का, म्हणून.”

“हो. पण नायक डावखुरा आहे. लोकांनी ओळखले नसते.”

“हे कोण म्हणाले होते?”

“तुम्हीच.”

“दिग्दर्शकही मला तेच विचारायला आला होता. हात कोणता, ते तुम्ही ठरवा, म्हणाला. कथेत एक वाक्य घातले असते तर भागले असते. जुन्या जखमेने डावा हात गेला, एवढे वाक्य. ते त्याने लिहूनही आणले होते. मी त्याच्याशी तासभर वाद घातला आणि मीच जिंकलो.” भरद्वाजराव ओट्याच्या खांबाला धरून बसले. “तंबी, वाद जिंकण्याची मला सवय आहे. त्यामुळे मी खरे बोलतो आहे की नाही, हे मलाच पुष्कळदा उशिरा कळते.”

“पण तुमचे म्हणणे बरोबर होते, मास्टर. लोकांना जुनाच हात हवा आहे. तुम्ही आज ऐकलेत ना?”

“तो जुना हात कोणाचा, हे त्यांना ठाऊक नाही.”

मंगलाबाई दारातून पुढे आल्या आणि पायरीवर बसल्या. त्या मराठीतच बोलल्या. हळू, पण कीर्तनेला ऐकू जाईल अशा. “सांगा आता. सात वर्षे त्या खांद्याला तेल मीच चोळते आहे.”

भरद्वाजरावांनी आपला डावा हात मांडीवर उताणा ठेवला. त्याकडे पाहतच ते तमिळमध्ये म्हणाले, “मी कागदावर वचन दिले आहे. आज ते मोडतो. पहिल्या भागात त्याचा फक्त चेहरा होता. बाकीचा मी होतो.”

कीर्तनेने वडिलांच्या हाताकडे पाहिले, मग खांद्याकडे, मग पुन्हा हाताकडे. बारा वर्षांची असताना तिने त्या नायकाचे चित्र आपल्या कपाटाच्या दारावर चिकटवले होते. ते पाठमोरे चित्र होते.

“त्या चित्रावरून रोज मज चिडवत होतात तुम्ही,” ती म्हणाली. “‘चेहरा नसलेल्याचे चित्र कशाला लावतेस,’ म्हणून.”

“तेवढी चैन मी केली,” भरद्वाजराव म्हणाले. मग वैद्यनाथनकडे वळले. “माझा गुडघा आता वाकत नाही. ते काम मला पुन्हा करता येणार नव्हते. म्हणून तुझ्या अंगावर मी माझे अंग चढवले. एरवी शिष्य कोणत्या हाताचा हे पाहून मी शिकवतो. तुला मात्र डावा हात धरून उभे केले. तुझी पावले उजव्याची आहेत. आठ महिने ती रोज मला सांगत होती, आणि मी ती रोज दुरुस्त करत होतो. आज जे हसले ते तुला हसले नाहीत. बेमालूम न जमलेल्या माझ्या नकलेला हसले.”

वैद्यनाथनने टोपी काढली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते; संताप होता, आणि तो दडवण्याचा त्याने प्रयत्न केला नाही.

“हे तुम्ही मला आज सांगता?”

“आज.”

“माझी वर्षे गेली, मास्टर. आता मला कोण उभे करणार आहे?”

“ते माझ्या हातात नाही. त्याचे खोटे आश्वासन मी देणार नाही.” भरद्वाजराव उठले, भिंतीशी टेकवलेल्या काठ्यांतून स्वतःची काठी त्यांनी काढून घेतली आणि अंगणातल्या वाळूत जाऊन उभे राहिले. “पण कमी तुझ्यात होते की माझ्यात, हे गाडी सुटण्याआधी ठरवता येईल. गिरणीत जे केलेस ते कर.”

“ते चुकून झाले. त्या दिवशी मनगट खरेच दुखावले होते. थांबलो असतो तर दृश्य पुन्हा घ्यावे लागले असते, म्हणून थांबलो नाही.”

“तेच कर.”

“उजव्याचे तुम्ही मला काहीच शिकवलेले नाही.”

“म्हणूनच.”

वैद्यनाथन चपला काढून वाळूत उतरला, वाकून त्याने मातीला हात लावला, आणि काठी उजव्या हातात घेतली.

पहिला वार खांद्यावरून आला. भरद्वाजरावांनी तो सहज अडवला.

“ही चाल माझी. सोड.”

दुसरा कमरेवर आला. तोही त्यांनी अडवला. काठी निघण्याआधीच त्यांची काठी तेथे जाऊन थांबलेली होती.

“हीही माझीच. उलटी केलीस एवढेच.”

तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येक वेळी वेतावर वेत वाजत होता आणि प्रत्येक वेळी भरद्वाजराव “माझी,” म्हणत होते. वैद्यनाथनचा सदरा पाठीला चिकटला. एकदा तो डाव्या हाताकडे वळला. मग दात आवळून त्याने काठी उजव्यातच राखली. कीर्तना ओट्याच्या कडेवर येऊन उभी राहिली होती. मंगलाबाईंनी रिकामा पेला हातात घेतला होता, पण त्या आत गेल्या नव्हत्या.

“किती वेळ?” वैद्यनाथन धापा टाकत म्हणाला. “किती वेळ हे माझे-माझे करणार आहात?”

“माझे संपेपर्यंत.”

त्यावर त्याने काठी खाली टाकल्यासारखी केली. ती खरोखरच हातातून गळते आहे असे कीर्तनेला वाटले आणि तिने डोळे मिटायच्या आत फक्त वाळू उडालेली पाहिली. ठक्क असा आवाज झाला. हा वेतावर वेताचा आवाज नव्हता. भरद्वाजरावांची काठी लांब तुळशीपाशी जाऊन पडली, आणि ते आपल्या डाव्या हाताची बोटे उजव्या हातात धरून उभे राहिले.

“मास्टर!” वैद्यनाथन स्वतःची काठी तशीच हातात घेऊन धावला. “क्षमा करा. मी— कशी गेली ती, मला कळले नाही.”

कीर्तना ओट्यावरून खाली उडी मारून आली. “अप्पा, दाखवा. फार लागले?”

भरद्वाजरावांनी हात उघडला. दोन बोटांची पेरे लाल होऊन सुजू लागली होती. त्यांनी ती वाकवून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली, जणू ती दुसऱ्या कोणाची बोटे होती. मग त्यांनी मुलीकडे पाहिले.

“कीर्तने,” ते मराठीत म्हणाले, “मज दिसलाच नाही गं तो वार.”

“काय म्हणतात?” मराठी न समजणाऱ्या वैद्यनाथनने घाबरून विचारले. “काय म्हणाले ते?”

कीर्तना तुळशीपाशी गेली, पडलेली काठी तिने उचलली, तिची वाळू ओढणीने पुसली आणि ती वडिलांच्या हातात दिली. “तो वार अप्पांचा नव्हता, तुमचाच होता,” ती वैद्यनाथनला तमिळमध्ये म्हणाली आणि पुढच्या खेळासाठी दोघांच्या मधून बाजूला झाली.