पीटीचा तास

खेळ माणसाला सहकार्य शिकवतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. पीटीचे सर तर इतकं शिकले होते की सहामाहीपासून त्यांचा एकही तास मैदानावर झाला नव्हता.

गणिताच्या बाई स्टाफरूमच्या दारातूनच म्हणायच्या, "सर, तेवढा आजचा तास द्या हं. अपूर्णांक राहिलेत."

"मागच्या आठवड्यातही राहिले होते."

"थोडं सहकार्य करा की!"

सर करायचे. मग रिकाम्या मैदानावर जाऊन, कुणीच न पुसलेल्या रेघांवर पुन्हा चुना मारायचे आणि मनातल्या मनात बाईंचा उद्धार करायचे.

एक दिवस मुख्याध्यापक धापा टाकत आले. "परवा तपासणीचे साहेब येतायत. मुलांमधली संघभावना बघायचीय म्हणे. रिले दाखवा."

"संघभावना गणिताच्या वर्गात कोंडलीय. सोडवून आणू?"

"टोमणे नंतर मारा हो!"

"मारीन. पण रिले नीट झाली तर माझे तास मला परत."

"दिले, बाबा, दिले!"

सरावाला मधला एक दिवस होता. तो बाईंनी चाचणीला घेतला.

साहेब मैदानात खुर्ची टाकून बसले. शिट्टी वाजली. भिंगरी म्हणून शाळेत ओळखली जाणारी पोरगी बॅटन घेऊन सुसाट सुटली, दुसरीपाशी पोचली आणि बॅटन छातीशी घट्ट धरून, वरून हाताने झाकून उभी राहिली.

"दे ना!" दुसरी म्हणाली.

"का? तुझं तू आण."

"अगं, दे तिला!" सर ओरडले.

"बाई म्हणतात, आपलं शेजारच्याला द्यायचं नाही. बघूसुद्धा द्यायचं नाही."

दुसरीने कॉपी करताना पकडल्यासारखी मान खाली घातली.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिट्टी जमिनीवर आपटून ते कडेला उभ्या असलेल्या बाईंवर कडाडले, "हे बघा तुमचे अपूर्णांक! पोरांना एकमेकांच्या हातात साधी दांडी देता येईना! पांगळी करून ठेवलीत सगळी!"

"आवाज चढवू नका," बाई म्हणाल्या. "मुलं शिस्तीत उभी आहेत."

साहेबांनी मान डोलावली. "सरांचं अगदी खरं आहे."

सरांचा ऊर भरून आला. चला, कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला!

"मुलं सहकार्यात फारच कच्ची आहेत," साहेब पुढे म्हणाले. "हा विषय वर्गात नीट शिकवा. लेखी परीक्षेसकट."

सोमवारपासून तो विषय सुरू झाला. शिकवायला गणिताच्या बाई आहेत. तास पीटीचा घेतलाय.