शेवटचा पर्याय खरा

अहवालात लिहिलं होतं, आमचा प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या वेळातला जवळजवळ सगळा वेळ त्यातला माहिती शोधणारा भाग खातो. तो भाग माझा, सहा वर्षं खपून लिहिलेला. तो टाकून द्यायचा की ठेवायचा हे चारच्या बैठकीत ठरणार होतं. आणि मोजणी केली होती तराजूने.

तराजू म्हणजे शेजारच्या टेबलावरचा नवा. शब्द तोलूनमापून बोलतो म्हणून हे नाव. असल्या माणसांवर माझा विश्वास बसत नाही. सकाळीच साहेबांना सांगून मोकळी झाले, "आकडे बनावट आहेत. याला माझी जागा हवीय."

"पुरावा आणा," साहेब म्हणाले.

तो दुपारच्या चहाला गेला तशी मी अहवालाला जोडलेली त्याची कमांड वाचली. 'सगळा प्रोग्रॅम मोज.' इतकंच. खोट काढायला जागा नव्हती, म्हणून तर संशय वाढला. पाणी कुठेतरी मुरत होतंच.

मोजणी आमच्या सामाईक स्क्रिप्टमधून चालते; आमची कमांड मोजणाऱ्या टूलपर्यंत तीच पोचवते. ती उघडली. कमांडच्या शेवटी तिने गुपचूप आणखी एक पर्याय चिकटवला होता: 'फक्त शोध मोज.' दोन पर्याय एकमेकांच्या विरुद्ध, तरी टूलने चकार शब्द न काढता शेवटचा मानला होता. बाकीचं काही मोजलंच गेलं नव्हतं. सापडला चोर, म्हटलं, आणि ती ओळ कोणी घातली ते बदलांच्या नोंदीत पाहिलं.

मी. दोन वर्षांपूर्वी, स्वतःचीच एक चूक शोधताना. काढायची राहून गेली होती. पर्याय भांडले तर शेवटचा खरा धरावा, उगाच काम अडवू नये, हा टूलमधला नियमही माझाच.

ओळ काढून पुन्हा मोजलं. शोधाला फक्त अकरा टक्के वेळ. माझा भाग वाचला होता, पण आनंद होईना. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मीच मारून बसले होते.

तराजू परत आला.

"स्क्रिप्टमधली ती ओळ माझी आहे," मी म्हणाले.

"हो. सकाळी दिसली मला."

"मग बोलला का नाहीस?"

तो नेहमीसारखा तोलून म्हणाला, "सांगायलाच आलो होतो. तुम्ही साहेबांच्या खोलीत होतात. दार उघडं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वाजायला वीस मिनिटं होती. मी उठून साहेबांच्या खोलीत गेले आणि दार मुद्दाम उघडं ठेवलं.