आत्याचे दात

लंबूने पुन्हा एकदा टांग दिली. चष्मेवालीने बागेतल्या बाकावर बसून दोघांचं आइस्क्रीम एकटीनेच संपवलं आणि ठरवलं, आता बस्स.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, म्हणून सगळी गल्ली तिला चष्मेवाली म्हणायची. तिला स्वतःला चष्मा नव्हता. लंबू शेजारच्या सलूनमध्ये केस कापायचा. इतका उंच की खुर्ची पुरती वर केली तरी त्याला कमरेत वाकावंच लागे. दोन दुकानांमध्ये एकच पातळ भिंत होती. पलीकडून म्हातारी गिऱ्हाइकं रोज तीच ती गाऱ्हाणी सांगायची आणि हा जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशा आवाजात "अस्सं?" म्हणायचा. त्या "अस्सं"वरच ती आधी भाळली, तोंड नंतर बघितलं.

बाकी सगळं झकास होतं. फक्त हा माणूस वेळेवर यायचा नाही आणि कधीकधी यायचाच नाही. कारण मात्र तयार. सायकल पंक्चर झाली. नळ फुटला. या वेळी तर म्हणे आत्याची दाढ सुजली, दवाखान्यात न्यावं लागलं.

अशा सबबींचा आणि आडून बोलण्याचा तिला मुळातच वीट आला होता. तिचे आईबाबा कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. निमित्त काय, तर नवीन कपाट खिडकीजवळ ठेवायचं की दाराजवळ. कपाट अजून खोलीच्या मधोमध उभं होतं आणि तिघंही त्याला वळसा घालून जात. एकाच टेबलावर समोरासमोर बसून दोघंही तिच्यामार्फत बोलत. आई म्हणे, "विचार त्यांना, घशाखाली उतरतंय, की अजून काही खोड काढायचीय?" ती बाबांकडे वळून म्हणे, "आई विचारतेय, अजून वाढू का?" त्यामुळे घरात शांतता असे आणि तिचं डोकं भणभणत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारी दुकानात आली. जाडजूड, हसरी. वाचायचा चष्मा हवा होता.

"शेजारी माझा भाचा आहे," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "तो उंच, तोच. त्यानेच सांगितलं, इथली पोरगी नीट तपासते."

चष्मेवालीला बरं वाटलं. "आता दाढ कशी आहे, आत्या?"

"कुणाची?"

"तुमची. काल सुजली होती ना?"

आत्याने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मग तोंडात बोटं घालून दोन्ही कवळ्या काढल्या आणि काउंटरच्या काचेवर ठेवल्या. "शुजायला दाढ हाय कुठं, पोरी?"

दुकानाच्या मालकांनी घाईघाईने पाठ फिरवली आणि कपाटातल्या फ्रेमा लावायला घेतल्या.

आत्याचा नंबर काढून होताच चष्मेवाली तरातरा शेजारी गेली. लंबूची खुर्ची रिकामी होती. "आईचं काहीतरी आहे म्हणून गेला," सलूनवाला म्हणाला. म्हणजे आता आईसुद्धा, असं मनाशी म्हणत तिने सुट्टी मागितली आणि थेट त्याचं घर गाठलं. तिथे तो तिला आजवर एकदाही घेऊन गेला नव्हता. दाराला कुलूप होतं. समोरची बाई कपडे वाळत घालत म्हणाली, "स्टँडवर बघ. मायलेक तिकडेच असतात."

आणि होतेच. बस स्टँडच्या बाकावर एक बाई बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर बॅग. शेजारी लंबू, हातात पाण्याची बाटली. चष्मेवालीला बघून त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"ही कोण रे?" आईने विचारलं.

"शेजारच्या दुकानातली."

हे तिला दाढेपेक्षा जास्त लागलं. तरी ती बाईंच्या दुसऱ्या बाजूला बसली. "कुठे निघालात, काकू?"

"बहिणीकडे. कायमची."

बस आली. थांबली. गेली. काकू जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चल, त्यांची चहाची वेळ झाली," आणि बॅग लंबूच्या हातात देऊन घराच्या वाटेला लागल्या.

आईला घरी सोडून तो खाली आला, तेव्हा ती कोपऱ्यावर उभीच होती.

"आत्याचे दात बाजारचे आहेत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग निदान कान दुखतोय म्हणायचंस. थाप मारायची तर ती तरी धड मार."

"काय सांगायला हवं होतं? बाबा तोंड सोडतात, आई बॅग भरून स्टँडवर जाऊन बसते, आणि ती उठेपर्यंत मी तिच्या शेजारी बसतो? हे सांगून मग फिरायला जायचं?"

"हो. हेच सांगायचं. घरी मी दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं वाहते. एका तरी माणसाकडून जे आहे ते तसं मिळावं ना."

तो भिंतीला टेकला. "आणि तू वाहतेस ते तरी तसंच असतं का? तूच म्हणाली होतीस, आईच्या बोलण्याचं टोक मोडून बाबांना देतेस."

"ते वेगळं."

"असेल."

त्याचा तो शांत आवाज तिला पहिल्यांदाच असह्य झाला. ती चालू पडली. चालता चालता तिला दहा उत्तरं सुचली आणि दहाही फुसकी निघाली.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "तुझ्या आईला सांग, भाजीत मीठ नाही. लक्ष असेल तर ना. माहेरचं वळण, दुसरं काय."

भाजी छान झालीय, असं म्हणायला तिने सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. मग आईकडे वळून बाबांचं वाक्य जसंच्या तसं, अगदी त्यांच्याच सुरात, म्हणून टाकलं.

आईने चमचा खाली ठेवला आणि थेट बाबांकडे बघितलं. "माझ्या माहेराचं नाव काढायचं काम नाही."

"मग मीठ घालत जा," बाबाही थेट म्हणाले.

मग जे जुंपलं त्यात कपाट आलं, लग्न आलं, दोन्हीकडच्या आत्या आणि मावश्या आल्या. मध्येच दोघंही एकदम तिच्याकडे वळले, "तूच सांग आता यांना—" "तूच सांग हिला—" ती ताट उचलून गॅलरीत जाऊन बसली. समेट वगैरे काही झाला नाही. पण सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, दूध उतू जातंय, बंद करा," आणि बाबांनी उठून बंद केलं. ती अंथरुणातच पडून राहिली. इतकं सोपं होतं, तर इतकी वर्षं आपल्याला का राबवलं, या विचाराने तिचा नुसता संताप झाला.

लंबूशी बरेच दिवस अबोला होता. भिंतीपलीकडचं "अस्सं" ऐकू येऊ नये म्हणून ती मुद्दाम काचा घासायचं मशीन चालू ठेवायची. मग एक दिवस तो एप्रनवर केस तसेच घेऊन दारात उभा राहिला.

"आपलं भेटायचं काही ठरलेलं नाही," तो म्हणाला. "पण ठरलेलं असतं तरी आज येता आलं नसतं. आई स्टँडवर आहे."

तिने मालकांकडे बघितलं. मालकांनी 'जा' अशी मान हलवली.

त्या दिवशी बस आली आणि काकू उठल्या. पायरीवर पाय ठेवून त्यांनी मागे बघितलं. "त्यांना चहा करता येतो का रे?"

"शिकतील," लंबू म्हणाला. बॅग त्यानेच वर चढवली. बस वळणाआड गेली तरी तो तिथेच उभा होता. चष्मेवालीने त्याचा हात धरला.

"बाबांना काय सांगू?"

"बस आली, आई गेली. एवढंच."

"तू येतेस?"

"जिन्यापर्यंत. वर तुझा तू जा."

तो वर गेला. आरडाओरडा झाला, काहीतरी आपटलं. जगातल्या यच्चयावत आईबापांवर चिडत ती कठड्याला धरून उभी राहिली. शेवटी तो खाली आला आणि पायरीवर बसला.

"आधी शिव्या दिल्या. मग विचारलं, तिने स्वेटर घेतलाय का."

"घेतलाय?"

"कुणास ठाऊक. म्हटलं, घेतलाय."

तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो सुस्कारा टाकून उठला आणि पुन्हा जिना चढू लागला.