पहिल्या रांगेतले पवनबाबा

विमान गदगदा हलू लागलं, की पहिल्या रांगेतले पवनबाबा उजवा हात वर करत. "शांत हो, वायो!" आणि मिनिटाभरात विमान खरोखरच शांत व्हायचं. मग टाळ्या, जयजयकार, मोबाइलवर चित्रीकरण. एक गृहस्थ तर उतरताना पायलटला सोडून बाबांचे आभार मानून गेले.

मी हवाई सुंदरी. त्यातली सुंदरी कधीच निवृत्त झाली. उरलं ते ट्रे उचलणं आणि "पट्टे बांधा" म्हणून घसा कोरडा करणं. बाबा मात्र भक्तांना सांगत, "पट्टा बांधणं म्हणजे माझ्यावर अविश्वास. मोकळे बसा!" भक्त माझ्यासमोर पट्टे लावत आणि माझी पाठ वळली की सोडत. मला आता त्यांचा रागही येत नव्हता. कंटाळा येत होता.

त्या दिवशी मात्र भक्तांमध्ये माझी आई होती. बाबांच्या अगदी शेजारच्या, वाटेपलीकडच्या जागेवर.

"आई, पट्टा."

"अगं, बाबा आहेत ना."

"बाबा विमान चालवत नाहीत."

"तू सगळंच हसण्यावारी नेतेस. तुझे पप्पा गेल्यापासून विमानात माझा जीव मुठीत असायचा. बाबांमुळे आता भीती वाटत नाही. तेवढं तरी राहू दे मला."

मी स्वतः वाकून तिचा पट्टा लावला. वळले, तर मागून खट्कन आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

थोड्या वेळाने गचके सुरू झाले. आमची घडीची खुर्ची दाराशी, प्रवाशांकडे तोंड करून असते. मी तिच्यात बसून खांद्यांवरचे पट्टे आवळले, तोच कानाशी भिंतीवरचा फोन वाजला. कॅप्टन जे सांगतील ते मोठ्याने परत म्हणायचं, ही आमची रीत. ऐकण्यात चूक नको म्हणून. एरवी मी म्हणते, "एक-दोन मिनिटं, मग ठीक. समजलं." त्या दिवशी मी म्हणाले, "पुढे आणखी जोराचे गचके. कधी थांबतील सांगता येत नाही. समजलं."

फोन ठेवला, तर बाबा माझ्याकडे टक लावून पाहत होते. अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं व्हायची वाट पाहावी, तसे. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस दर वेळी हीच जागा मागून घेतो, माझ्या फोनच्या हाकेवर. इतकी वर्षं त्याच्या कानात वायुदेव बोलत नव्हता, मी बोलत होते!

"बाबा, हात! हात वर करा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"योग्य क्षण यायचाय," बाबा घाम पुसत म्हणाले.

विमान जरा स्थिरावलं. बाबांनी संधी साधली. हात वर गेला. "शांत हो, वायो!"

"आई, पट्टा लाव! आत्ता!" मी ओरडले. उठता येत नव्हतं. माझे पट्टे मला सोडता येणार नव्हते. लहान मुलीकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघून हसली आणि तिने बाबांपुढे हात जोडले.

विमान खाली कोसळल्यासारखं झालं. आई जागेवरून उचलली गेली आणि वाटेत हातावर आपटली. बाबांची शाल घसरून पडली. बाबा मात्र जागचे हलले नव्हते. त्यांच्या पोटावर पट्टा होता. चांगला करकचून आवळलेला.

आईच्या हाताला प्लास्टर घातलं. दोन दिवसांनी बाबांचे सेवेकरी घरी आले. "बाबांची कृपा! जिवावरचं हातावर निभावलं."

दारी आलेल्या कुणालाही चहा पाजल्याशिवाय न सोडणारी माझी आई जागची उठली नाही. "मी खाली पडले होते," ती म्हणाली. "तिथून त्यांचं पोट दिसत होतं. मला मोकळं बसायला सांगून स्वतः बांधून बसले होते."

"ती बाबांची लीला, ताई."

"मग तीच लीला मलाही करू द्यायची होती."

सेवेकरी गेले. पुढच्या फेरीत बाबा पुन्हा कुठल्यातरी पहिल्या रांगेत असतील, त्यांच्यामागे टाळ्याही असतील. मला त्याचं नवल उरलेलं नाही. तरी पुन्हा सांगते, सांगणं हेच माझं काम आहे. हवा सगळीकडे सारखी नसते, म्हणून विमान हलतं. खराब हवेतून बाहेर पडलं की थांबतं. त्याला कुणाचा हात लागत नाही. असे हादरे सोसायला विमान मजबूत बांधलेलं असतं. हाडं मोडतात ती आत मोकळं बसलेल्या माणसाची. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा, तो स्वतः काय करतो ते आधी बघा.

आई खिडकीशी बसून होती. "भीती परत आली गं," ती हळूच म्हणाली.

मी तिच्या चांगल्या हातावर हात ठेवला. "येऊ दे, आई. घाबरायचं तेवढं घाबर. फक्त पट्टा बांधून घाबर."