प्रत्येक शॉपमधून दोन

कंपनीची फुटबॉल टीम हरली की रोहिदास काटकर मैदानावरून थेट घरी जात नसे. संत तुकाराम नगरच्या त्या मैदानाला तो एक फेरी मारायचा, कोपऱ्यावर चहा घ्यायचा, मग घर. तोवर डोकं जरा निवलेलं असायचं. तरी चपला काढता काढता त्याचं सुरू व्हायचंच. बायको, वासंती, भाजी निवडता निवडता ऐकायची. अकरा वर्षं ऐकत होती.

"तीन-तीन गोलकीपर घेतलेत, आणि डावीकडे बचावाला एक माणूस नाही!"

"मग तिघांना एकदम उभं करता येत नाही का?" ती विचारायची.

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनत. रोहिदास तिथे वेल्डिंग शॉपचा सुपरवायझर होता. तो स्वतः कंपनीकडून कधी खेळला नाही. गुडघा तरुणपणीच गेलेला. पण या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारी आंतर-कंपनी चषकाची मॅच असली की तो बांधावर हजर. अकरा वर्षांत एकही मॅच त्याने चुकवली नव्हती, आणि अकरा वर्षांत टीम एकदाही फायनलला गेली नव्हती.

त्याच्या मते दोष खेळाडूंचा नव्हताच. दोष निवडीचा होता. स्पर्धेला सोळा नावं द्यायची असत आणि कंपनीत विभाग आठ. कधी काळी कोणीतरी ठरवून टाकलं होतं की प्रत्येक विभागातून दोन. प्रेस शॉपचे दोन, पेंट शॉपचे दोन, स्टोअरचे दोन, ऑफिसचे दोन. ऑफिसातून अशीही माणसं येत, ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे आदल्या दिवशी समजावून सांगावं लागे. एका वर्षी पेंट, क्वालिटी आणि मेंटेनन्स या तिघांनी एकमेकांना न विचारता एकेक गोलकीपर पाठवला. डाव्या पायाचा माणूस तर कोणाच्याच दोघांत नसायचा.

"ही टीम आहे का लग्नातली पंगत?" रोहिदास कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचा. "प्रत्येक भावकीतले दोन बसवा, म्हणजे कोणी रुसायला नको!"

हे ऐकायला बहुतेक वेळा पर्सोनेलचे अर्जुनराव पलीकडच्याच टेबलावर असत. क्रीडा समिती त्यांच्याकडे. मनुष्य शांत होता, ताकाचा पेला संपवून उठून जायचा. या वर्षी मात्र ते पेला घेऊन रोहिदासच्या समोर येऊन बसले.

"काटकर, बांधावरून बैल सगळ्यांनाच हाकता येतात. यंदा यादी तुम्ही करा."

"आणि दोन-दोनचा नियम?"

"तो पाळा नाहीतर मोडा. तुमचा गळफास तुमच्या हातात. मी सही करतो."

रोहिदासने आठ दिवस घेतले. शिफ्ट सुटल्यावर पार्किंगच्या आवारात त्याने चाळीस जणांना खेळवलं, प्रत्येकाला दोन्ही पायांनी चेंडू मारायला लावला, वहीत खुणा केल्या. सर्वांत चांगला माणूस त्याच्याच शॉपमध्ये निघाला. प्रितम कोल्हापूरचा, सव्वीस वर्षांचा, डाव्या पायाचा, पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून चार वर्षं लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडच्या बचावाला, खेळलेला. त्याच्यामागून त्याच्या ओळखीने गावाकडचे आणखी सहा जण वेल्डिंगमध्ये लागले होते, आणि ते सहाही पेठेच्या मैदानावर वाढलेले. एकमेकांकडे न बघता पास द्यायचे. रोहिदासने सातही जणांना घेतलं. उरलेल्या नऊ जागांत पेंटचे तीन, प्रेसचे दोन, मेंटेनन्सचे दोन, क्वालिटीचा एक, आणि राखीव म्हणून स्टोअरचा शार्दूल. ऑफिसचा एकही नाही.

अर्जुनरावांनी यादी वाचली. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचली.

"सात जण तुमच्याच शॉपचे?"

रोहिदासला ते टोचलं. "मी शॉप बघून नाही घेतलेत. पाय बघून घेतलेत."

"मी तसं नाही म्हणालो," अर्जुनराव म्हणाले, आणि सही केली.

पहिली मॅच तीन-शून्य. दुसरी दोन-शून्य. तिसरी बरोबरीत सुटली, तरी गटात पहिला नंबर. बांधावर माणसं वाढली. ज्यांना प्रितमचं नाव माहीत नव्हतं ते त्याला 'नऊ नंबर' म्हणत. जर्सीचा नव्हे, तो शॉपमध्ये नऊ नंबरच्या स्टेशनवर वेल्डिंग करायचा म्हणून. उपांत्य सामना गुरुवारी सकाळी दहाला ठरला. रोहिदासने वासंतीला सांगून टाकलं, की यंदा मैदानाला फेरी मारावी लागणार नाही.

बुधवारी सकाळी अकराला प्लॅनिंगच्या स्वरूपा मॅडमनी त्याला बोलावलं. त्यांच्यासमोर डिस्पॅचचा कागद होता.

"गिऱ्हाइकाकडे आपला एक अख्खा लॉट रिजेक्ट झालाय. उद्या दुपारी चारला चारशे फ्रेम निघाल्या नाहीत तर त्यांची लाइन थांबेल. या फ्रेम रंग न देता वेल्डिंगवरून थेट जातात. उद्या फक्त वेल्डिंग चालवायचं. सात ते साडेतीन."

"मॅडम, उद्या गुरुवार."

"म्हणूनच आज सांगतेय."

"माझे सात जण उद्या मॅचला आहेत."

त्यांनी कागदावरून नजर उचलली. "एका शॉपचे सात? दोन असतात ना?"

रोहिदासने डिस्पॅचचा कागद स्वतःकडे ओढून आकडा वाचला.

"दोन असते तर मी विचारलंही नसतं," त्या म्हणाल्या. "दोन माणसं कमी घेऊन कुठलीही लाइन चालते. काटकर, मला चारशे फ्रेम हव्यात. कोण करतं ते तुम्ही बघा."

शॉपकडे परतताना पॅसेजमध्ये तो क्षणभर थांबला. अकरा वर्षं त्याने त्या नियमाला शिव्या घातल्या होत्या. नियम ज्याने कोणी केला होता, त्याला कोणाचं रुसणं काढायचं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक असावं, की या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी वर्षातून चार-पाच वेळा तरी रद्द होतेच, आणि ती नेमकी कुठल्या शॉपची रद्द होईल हे आधी कळत नाही. जो माणूस रोज सकाळी लाइनवर माणसं बसवतो, त्याला खरं तर हे सर्वांत आधी कळायला हवं होतं.

मॅच पुढे ढकलता येईल का, हे अर्जुनरावांनी फोन करून विचारलं. मैदान आणि पंच दोन्ही ठरलेले. आयोजक नाही म्हणाले. अर्जुनरावांनी 'मी म्हटलं नव्हतं का' असं काही म्हटलं नाही. त्यामुळे रोहिदासला जास्तच वाईट वाटलं.

मग तो ऑफिसातला फोन घेऊन बसला. गुरुवार म्हणजे लोकांचा दवाखान्याचा, गावी जायचा, मुलांच्या शाळेत डोकवायचा दिवस. बावीस जणांना फोन केले तेव्हा पाच जण तयार झाले. त्यांत दुसऱ्या पाळीतली कस्तुरा होती.

"येते की सर," ती म्हणाली. ती मूळची परभणीकडची. "पण मला लोडिंगच येतंय बरं, पार्ट लावायचं. नंतर म्हणताल, हे कर अन् ते कर."

सहावी जागा रोबोटला पार्ट लावायची. तिथे तो स्वतः उभा राहणार होता. सातवी जागा उरली, आणि ती होती नऊ नंबर.

नऊ नंबरला सीटच्या पाठीचा ब्रॅकेट हाताने वेल्ड व्हायचा. अपघातात माणसाचा भार त्यावर येतो, म्हणून परीक्षा पास झालेल्या माणसानेच तो करायचा असा गिऱ्हाइकाचा दंडक. शॉपच्या भिंतीवर कोणाला काय येतं याचा तक्ता होता. नऊ नंबरच्या रकान्यात एकच नाव होतं, प्रितमचं. आणखी दोन नावं असायची, पण त्यांचा सात महिन्यांचा करार संपला आणि ते गेले; तेव्हापासून दुसऱ्या पाळीत ते स्टेशन बंदच असे. खोडलेल्या जागी नवीन लिहायचं राहून गेलं होतं. तो तक्ता रोहिदासच भरायचा.

साडेतीनला शिफ्ट सुटली. बसकडे निघालेल्या प्रितमला त्याने बाजूला घेतलं.

"उद्या वर्किंग आहे, कळलं ना?"

"कळलं की. म्हटलं, तुमी काय तरी केलं असणार."

"सहा जणांचं केलंय. नऊ नंबरचं होत नाही."

प्रितमने पाठीवरची सॅक खाली ठेवली. "म्हंजे मी खेळायचं न्हाई."

"तुझ्याशिवाय तो वेल्ड कोणी मारू शकत नाही."

"आणि लेफ्ट बॅक कोण हाय दुसरा?"

"शार्दूलला उतरवतोय."

"स्टोअरचा? त्यो उजव्या पायाचा हाय ओ साहेब!"

"माहीत आहे."

"बांधावरनं तुमीच वरडायचा म्हणं, उजव्या पायाचा माणूस डावीकडं घालतायसा म्हणून. मला आल्या आल्या सांगितलंतं पोरांनी." प्रितमने बसकडे बघितलं, ड्रायव्हर हॉर्न देत होता. "गावाकडनं बायकोला आणलंय मॅच बघायला. आता तिला काय दाखवू, शार्दूल?"

सॅक उचलून तो बसमध्ये चढला.

गुरुवारी सकाळी पावणेसातला तो नऊ नंबरला होता. हातमोजे घातलेले, मास्क कपाळावर. रोहिदासच्या नमस्काराला त्याने मान हलवली, एवढंच. बरोबर सातला लाइन सुरू झाली. रोहिदासला पहिल्या अर्ध्या तासात कळलं की रोबोटला पार्ट लावणं हे लांबून दिसतं तसं नसतं; तिसऱ्यांदा त्याने उलटा पार्ट लावला तेव्हा कस्तुरा शेजारून म्हणाली, "सर, आमी असं केलं असतं तर तुमी केवढे ओरडले असते!"

"ओरड तू," तो म्हणाला.

"राहू द्या. आज डबल ओव्हरटाइम हाय माझा."

शॉपमध्ये मोबाइल आणायला बंदी होती. गेटवरचे सोनबा, वाकी गावचे, मैदानावरून फोनवर आलेला निरोप वाचून आत सांगायला येणार असं ठरलं होतं. साडेदहाला ते दारात दिसले.

"एक गोल झाला."

"कोणाचा?"

"त्यांचा."

प्रितमने मास्क वर केला. "कुठल्या बाजूनं आला?"

"त्ये न्हाई लिवलेलं, बाबा. फकस्त गोल म्हंतंय."

प्रितमने मास्क खाली ओढला. पुढचे चार ब्रॅकेट त्याने सलग मारले. रोहिदास दर फ्रेमगणिक त्याच्याकडे बघत होता आणि त्यामुळे मागे पडत होता.

सव्वाअकराला सोनबा पुन्हा आले. आपला एक गोल झाला होता. तो शार्दूलच्या पासवर झाला, हेही लिहिलेलं होतं. रोहिदासला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटली. प्रितम फक्त "बरं" म्हणाला.

पावणेबाराला सोनबा आले ते सावकाश. दोन-एक. हरलो होतो. दुसरा गोल पेनल्टीवर गेला. हात लागला तो आपल्याच कॅप्टनचा, पेंट शॉपच्या माणसाचा. पहिला मात्र डावीकडून आला होता. सोनबांनी या खेपेला विचारून घेतलं होतं.

लाइन थांबली नाही. दोनशे वीस फ्रेम झाल्या होत्या, एकशे ऐंशी बाकी होत्या.

जेवणाच्या सुट्टीत रोहिदास डबा घेऊन नऊ नंबरपाशी गेला. प्रितम उलट्या क्रेटवर बसून भाकरी खात होता. रोहिदास दुसऱ्या क्रेटवर बसला.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला.

"पेनल्टी काय तुमी दिली न्हाई."

"पहिला गोल डावीकडून आला."

"मी असतो तरी आला असता कदाचित. कुणाला म्हाईत." प्रितमने ठेचा भाकरीला लावला. "मला त्याचा राग न्हाई. दुसऱ्याचा हाय. यादी करून किती दिवस झालं?"

"सहा आठवडे."

"ह्या ब्रॅकेटवर माणूस तयार करायला मला पंधरा दिवस पुरतात, मग परीक्षा. यादी केली त्याच दिवशी म्हणला असता, 'प्रितम, तुझ्या जागेवर एक जण तयार ठेव', तर केला असता की. मैदानात प्रत्येक जागेला दुसरा माणूस पायजे म्हणून तुमी वही घिऊन फिरलासा. आणि हितं?"

रोहिदासने डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. पलीकडे कस्तुरा हात पुसत त्यांचं बोलणं ऐकत होती.

"मला शिकवा ना मग," ती म्हणाली.

प्रितमने वर बघितलं. "हात भाजतोय."

"चुलीवर स्वयंपाक करून आले मी. भाजायचं मला नका सांगू."

प्रितमने रोहिदासकडे बघितलं, परवानगी मागावी तसं नव्हे. हा माणूस आता काय करतो ते बघावं तसं. रोहिदास उठला. स्क्रॅपच्या पेटीतून त्याने पंधरा-वीस टाकाऊ ब्रॅकेट निवडले आणि नऊ नंबरच्या टेबलावर आणून ठेवले. सुट्टी संपायला सतरा मिनिटं होती.

प्रितमने कस्तुराला मास्क दिला, मोजे दिले, वेल्डिंगच्या टॉर्चचा कोन तिच्या मनगटाला धरून दाखवला. ठिणग्या उडाल्या. तिने मास्क वर करून बघितलं तेव्हा वेल्ड जिथे असायला हवा होता त्याच्या बोटभर खाली गेला होता, गाठी गाठी होऊन. प्रितमने हातोडी घेतली आणि एक ठोका दिला. ब्रॅकेट दोन तुकडे होऊन खाली पडला.

"असं झालं तर माणूस मरतोय," तो म्हणाला. "परत."

तिने दुसरा उचलला.

भोंगा वाजला. रोहिदास लगेच रोबोटपाशी गेला नाही. त्याने कस्तुराच्या लोडिंगच्या जागेवरचे हातमोजे उचलले आणि पलीकडच्या माणसाला म्हणाला, "माझा रोबोटही तूच बघ थोडा, मी इकडे उभा राहतो. तिला अजून पाच मारू देत."

"चारशे होतील का पण, सर?"

"करू," रोहिदास म्हणाला, आणि पार्ट लावला. या वेळी सुलटा.